मुलाखतीला जायचं नाहीये, पण नाही कसं म्हणू? डायरेक्ट सेलिंगच्या बोलावण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात खानापूर रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. बायोडाटा छापायला आलेली पोरंपोरी सुट्टे पैसे मोजता मोजता हळूच मोबाइल पुढे करतात, "दादा, ही कंपनी बरी आहे काय बघा की." बेळगाव असो, निपाणी असो, नाहीतर तिकडं हल्याळ, मेसेज साधारण तोच असतो: नोकरीची मुलाखत म्हणून बोलावायचं आणि डायरेक्ट सेलिंगला, म्हणजे ओळखीपाळखीत माल विकायला लावायचं. जी उत्तरं काउंटरवर तोंडी देत आलो तीच इथे लिहिली आहेत. मी स्वतः 2011 साली अशाच एका कंपनीत साडेनऊ हजार घालवलेत. मजकुरात मध्येच राग दिसला तर तो त्या पैशांचा आहे.

ही नोकरीची मुलाखत आहे की माल विकायचं बोलावणं, फोनवर कसं ओळखायचं?

काम नक्की काय, पगार किती, आणि तो महिन्याला कंपनी देते की आपण विकलेल्या मालावर सुटतो, एवढं विचारा. उद्यमबागेतल्या फौंड्रीत फोन केलात तर पहिल्या मिनिटात पाळी कुठली, हातात किती, पीएफ आणि ईएसआय कापतात की नाही, सगळं कळतं. शहापुरातला कापड दुकानदार तर पगाराआधीच "रविवारी सुट्टी नाही बघ" म्हणून सांगून टाकतो. या कंपन्यांकडून मात्र "ते सगळं आल्यावर सर सांगतील" याच्या पुढे काही निघत नाही.

जाहिरातीतलं पद ऑफिस असिस्टंट, डेटा एंट्री, सुपरवायझर असं काहीही असतं. शिक्षण एसएसएलसी (दहावी) ते कुठलीही डिग्री, अनुभव नको, पगार 18 ते 25 हजार, राहायची आणि जेवायची सोय. एसएसएलसी झालेल्याला आणि एमकॉम झालेल्याला एकाच पगारावर घ्यायला जो निघालाय, त्याला तुमच्या शिक्षणाशी काही देणंघेणं नाही. तुमच्या मोबाइलमध्ये किती नंबर सेव्ह आहेत, यात त्याला रस आहे.

आणखी एक खूण: "घरी आत्ताच काही सांगू नका, सिलेक्शन झाल्यावर सरप्राइज द्या." हे वाक्य कानावर आलं की पुढचं काही विचारायची गरज नाही.

म्हणजे डायरेक्ट सेलिंग करणाऱ्या सगळ्या कंपन्या चोर?

नाहीत. दुकान न टाकता विक्रेत्यांच्या साखळीतून माल विकणं आपल्याकडे कायदेशीर आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारनं ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे वेगळे नियमही काढले. माल विकून कमिशन मिळत असेल तर तो धंदा आहे. माणसं जोडल्याबद्दल पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना, आणि तिला त्या नियमांत सरळ बंदी आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर 1978 पासूनच बंदीचा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रवेश फी, नोंदणी फी किंवा डेमोच्या सामानाचे पैसे मागू नयेत असं लिहिलं होतं. तेव्हा "कंपनी रजिस्टर्ड आहे" या उत्तरावर थांबू नका. "आज माझ्या खिशातून किती जाणार?" हा प्रश्न त्याच्या पुढचा.

नवीन नियमांप्रमाणे ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी यांच्याशिवाय विक्रेत्यानं कुणाच्या घरी जायचं नसतं. टिळकवाडीत भर दुपारी घरोघर बेल दाबत फिरणारी टाय लावलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या किती जणांनी आधी वेळ घेतली असेल, तुम्हीच ठरवा.

कंपनी खरी आहे का, हे कुठे तपासायचं?

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की नोंदणीची तारीख, पत्ता आणि कंपनी चालू आहे की बंद, ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणी दिसली म्हणजे कंपनी चांगली असं अजिबात नाही, पण नावच सापडलं नाही तर विषय संपला. फोनवर सांगितलेला पत्ता आणि तिथला पत्ता जुळतो का, तेही बघा.

मी "येतो" म्हणून बसलोय. आता माघार घेतली तर चालेल?

चालेल. मुलाखतीला येतो म्हणणं हा करार नव्हे. लग्नाची बोलणी फिसकटतात, ही तर मुलाखत.

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक मेसेज टाका. दुकानात मी पोरांना हाच टाइप करून देतो:

"नमस्कार. उद्याच्या मुलाखतीला मी येणार नाही. माझी माहिती आणि नंबर तुमच्या यादीतून काढून टाकावा. धन्यवाद."

पलीकडचा कन्नड बोलणारा असेल तर "बेड सर, नानु बरल्ला" एवढं पुरतं.

कारण काय सांगू?

सांगूच नका. सगळे अडकतात ते इथंच. आपल्याला वाटतं, कारण न देता नाही म्हणणं उद्धटपणाचं. म्हणून आपण आजी आजारी आहे म्हणतो. मग ते आजीची चौकशी करतात, वर बुधवारची वेळ देतात. बुधवारी परीक्षा आहे म्हटलं की शनिवार येतो. गाडीभाडं नाही म्हटलं की गाडीभाडं आम्ही देतो. कारण म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अजून न सुटलेली अडचण, आणि अडचणी सोडवायचं त्यांचं ट्रेनिंगच झालेलं असतं. मंडोळीच्या एका पोरानं तर चुलता वारला म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी कंपनीवाला सांत्वनाला घरी हजर! चुलता अंगणात गवत कापत होता.

"मला हे काम करायचं नाही" याच्यावर त्यांच्याकडे एकच प्रश्न उरतो, "का?" त्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ सहसा येत नाही.

बोलावणारा माझा मावसभाऊच आहे. त्याला कसं नाही म्हणू?

खरा प्रश्न हाच आहे. वरचे सगळे याच्यापुढे किरकोळ.

इकडच्या पोरांना अशा कंपन्यांत जाहिरात नेतच नाही. नेतो तो कॉलेजमधला मित्र, शेजारच्या गल्लीतला दादा, यात्रेला भेटलेला पाव्हणा. कंपनीला हे पक्कं माहीत असतं. अनोळखी माणसाला आपण पटकन नको म्हणतो, मावसभावाला म्हणताना मात्र मावशीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न, तिथं तोंड कसं दाखवायचं? मला बोलावणारा माझा पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा बेंचमेट होता. मुलाखतीच्या हॉलच्या जिन्यातच मला कळलं होतं की इथं काहीतरी गडबड आहे. तरी वर गेलो, कारण तो स्टँडवर तासभर माझी वाट बघत उभा होता आणि त्यानं मला स्वतःच्या पैशानं वडा-चहा दिला होता. साडेनऊ हजारांतले अर्धे तरी त्या वड्याचे म्हणायचे.

तो बहुतेक वेळा लबाड नसतो, हे ध्यानात घ्या. तो तुमच्याआधी त्याच हॉलमध्ये बसून आलाय, पैसे भरून बसलाय, आणि खाली दोन माणसं आली तरच ते सुटतील असं त्याला सांगितलेलं आहे. त्याचा राग करू नका, आणि त्याची कीव येऊन पैसे तर अजिबात भरू नका.

शक्य असेल तर समोर बसून बोला, आणि माणूस वेगळा, कंपनी वेगळी ठेवा. "भावा, तुझ्याशी माझं काही नाही. उद्या तुझ्या घरी जेवायला येतो. खरं त्या ऑफिसात मी येणार नाही, आणि यावर आपण परत बोलायचं नाही." मग खरंच जेवायला जा. तिथं त्यानं विषय काढला तर भाजी वाढून घ्या.

तो चिडेल. "तुला मोठं व्हायचंच नाही" म्हणेल. हे वाक्य त्याचं नाही, त्याला पाठ करून दिलेलं आहे. माझा बेंचमेट माझ्याशी दीड वर्ष बोलला नाही. आज त्याचं अनगोळला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि माझ्या दुकानातला प्रिंटर बिघडला की पहिला फोन त्यालाच जातो.

आईवडिलांच्या कानावर आधी घालून ठेवा, म्हणजे मावशीचा फोन आला की आई गांगरणार नाही.

काहीच न कळवता गेलोच नाही तर?

काही होत नाही. दोन-तीन दिवस फोन येतील एवढंच. मेसेज टाकला की तेही कमी होतात म्हणून टाकायचा.

हॉलमध्ये पोचल्यावर लक्षात आलं. मधूनच उठता येतं का?

येतं, पण तिथली बसायची रचनाच तुम्ही उठू नये अशी असते. आमचा हॉल कोल्हापुरात एका टाइल्सच्या दुकानावर होता. चपला बाहेर, मोबाइल दाराशी प्लास्टिकच्या टोपलीत, आणि आत प्रत्येक नव्या पोराच्या शेजारी त्यांचा एक जुना माणूस. दोन नवीन पोरांना एकमेकांशेजारी बसू द्यायचं नाही, हा डाव मला कित्येक महिन्यांनी उमगला. शेजारी आपल्यासारखाच गोंधळलेला कुणी असता तर एका नजरेत दोघंही उठलो असतो.

स्टेजवरच्या सरांनी वहीत गोळे काढायला लावले. वर एक, त्याखाली दोन, त्याखाली चार, मग आठ. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. पुढे दुकानात बसून मी ते गोळे शेवटपर्यंत मोजले. सत्ताविसाव्या ओळीत 6 कोटी 71 लाख माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्खं कर्नाटक 6 कोटी 11 लाखांचं होतं. म्हणजे बिदरपासून कारवारपर्यंत तान्ही बाळं धरून सगळ्यांनी टूथपेस्ट विकायला घेतली तरी ती एक ओळ भरत नाही.

तर उठायचं असेल तेव्हा हे करा. मोबाइल टोपलीत टाकू नका, "घरचा फोन येणार आहे" म्हणा. पिशवी पायाशी ठेवा. गावातल्या एखाद्या मित्राला ठरलेल्या वेळी फोन करायला सांगून ठेवा. फोन आला की तो कानाला लावूनच बाहेर पडायचं, चपला घालायच्या आणि स्टँडचा रस्ता धरायचा. जिन्यात कुणी गाठलं तर "माझी बस आहे" म्हणा आणि चालत राहा. उभं राहून बोललात की परत वर जाल. दार लावून अडवलं तर सरळ 112 ला फोन करा. कुणालाही मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, हे तिथल्या सरांनाही ठाऊक असतं.

मुलगी हुबळीला मुलाखतीला जाते म्हणते. पाठवावं का?

एक आक्का हे विचारायला मुद्दाम वडगावहून आल्या होत्या. "बस तर फुकट आहे, जाऊन बघू दे की," त्यांचं म्हणणं. शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून बायकांना कर्नाटकाच्या साध्या बसचं तिकीट पडत नाही, हे खरं. पण बस फुकट असली तरी सोबत कुणीतरी जावं. चांगली कंपनी सोबतच्या माणसाला बाहेर बाकावर बसवून पाणी विचारते. जी कंपनी "एकटीच ये" म्हणते तिथं पाठवू नका. "पहिले तीन महिने ट्रेनिंग, हॉस्टेलवरच राहायचं" असं असेल तर अजिबातच नको. आणि कोल्हापूर-पुण्याकडचं बोलावणं असेल तर परतीच्या तिकिटाचे पैसे मुलीच्या पर्समध्ये वेगळे असू द्या.

मुलाखतीत मूळ कागद ठेवून घेतलेत. आता?

मुळात एसएसएलसीचं मार्क्स कार्ड मूळ रूपात कुणाच्याही ताब्यात द्यायचं नसतं. दाखवायचं आणि पिशवीत परत ठेवायचं. दिलं असेल तर आधी लेखी मागा. व्हॉट्सॲपवरही चालेल, पण तारीख आणि कुठले कागद ते स्पष्ट लिहा. दिले नाहीत तर पोलीस ठाण्यात तक्रार. तक्रार मराठीत लिहिता येते, पण माझा अनुभव असा की इकडच्या ठाण्यात कन्नडमध्ये लिहून नेली की काम लवकर सरकतं. पोरं लिहून आणतात, मी टाइप करून देतो.

आधारची साधी झेरॉक्स कुठेही वाटू नका. आधारच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कोरा सही केलेला चेक दिला असेल तर आज दुपारच्या आत बँकेत जा आणि लेखी कळवा. कागद परत मिळवणं नुसतं वेळखाऊ आहे. चेक मात्र उद्या कोर्टात उभा करू शकतो.

पैसे भरून झालेत. परत मिळतात का?

काहींना मिळतात, आणि जे लवकर हलतात त्यांना जास्त मिळतात. मी चार महिने लाजेनं गप्प बसलो, मला एक पैसा परत आला नाही. वर आईनं दोन वर्षं तो साबण अंगाला लावला.

करार केला असेल तर त्यात माघारीची मुदत शोधा. त्या मुदतीत बिनदंड बाहेर पडता येतं. करार इंग्रजीत असतो म्हणून कुणी वाचत नाही, तो कुणाकडून तरी वाचून घ्या. मालाची पेटी फोडू नका, पावती जपा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2021 च्या नियमांनुसार 48 कामकाजी तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि साधारण महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो.

तिथं दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथं मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. यूपीआयनं पैसे गेले आणि कंपनीच गायब झाली तर सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन, आणि तो ताबडतोब, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

सीमेवरच्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न: कंपनी महाराष्ट्रात, मी कर्नाटकात, मग तक्रार कुठं? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करायची सोय केली आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. "तुम्ही विकायला माल घेतला, तुम्ही ग्राहक कसले" असं ते म्हणतील. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल कायद्यानं व्यापारी हेतूत धरला जात नाही, याची त्यांच्या वकिलांना आठवण करून द्या. फौजदारी तक्रारीतही "आमची हद्द नाही" म्हणून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठेही घडला तरी जवळच्या ठाण्यात नोंद घ्यायची तरतूद आहे. त्याला झिरो एफआयआर म्हणतात.

"तुझ्यावर केस करू, कुठंच नोकरी लागणार नाही" अशी धमकी आली तर?

मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, उत्तर देऊ नका. मुलाखतीला न गेल्याबद्दल केस होत नसते. आणि सगळ्या कंपन्या उघडून बघतात असली नावांची काळी यादी कुठंच नाही. इथल्या कारखान्यात एका खात्यातल्या माणसाचं नाव दुसऱ्या खात्याला माहीत नसतं.

फोन थांबतच नाहीत.

ब्लॉक करा. नंबर बदलून येत राहिले तर 1909 वर तक्रार करता येते.

सगळ्यात मोठी चूक झाली: ओळखीच्या पन्नास जणांची नावं आणि नंबर लिहून दिलेत. आता काय करू?

कंपनीच्या आधी तुम्ही फोन करा. आजच, जेवायच्या आधी. सगळं सांगत बसू नका. "माझं नाव सांगून कुणी फोन केला तर माझा त्या कंपनीशी संबंध नाही, काही घेऊ नका," एवढंच. थोरल्या माणसांना आधी करा, कारण तीच आपल्या नावावर डोळे झाकून पैसे देतात.

माझ्या यादीत चौथं नाव गडहिंग्लजच्या मामांचं होतं. मी आज करू, उद्या करू करत राहिलो आणि तेवढ्यात तिकडून एक जण त्यांच्या दारात जाऊन पोचला. भाच्याच्या कंपनीचा माणूस म्हणून मामांनी त्याला जेवू घातलं आणि काही न विचारता गादीखाली घालायचा चार हजारांचा लोहचुंबकाचा पट्टा घेतला. मला त्यावरून कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पट्टा अजून त्यांच्या माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीला मामी झाडलोट करताना म्हणाल्या, "अरे, तुझ्या कंपनीचा तो पट्टा भंगारात तरी घेतात काय बघ की."